उस्ताद पास झाले

माजी सैनिकांच्या दवाखान्यात फलकावर नवा कागद लागला की तो मोठ्यानं वाचून दाखवायचा मान उस्तादांचा. तो त्यांना कुणी दिला नव्हता, त्यांनीच घेतला होता. तोफखान्यात नवशिक्यांना तोफ शिकवण्यात उभी हयात गेलेली, म्हणून तर सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. आवाज असा की पलीकडे औषधाच्या खिडकीत गोळ्या मोजणारी बाई हमखास आकडा विसरायची.

आणि सरकारी कागदांचं काय विचारता! आज एक लागायचा, पंधरा दिवसांनी दुसरा, आणि दुसऱ्याची पहिली ओळ ठरलेली: ‘आधीचे परिपत्रक रद्द समजावे.’ बाकावरचे म्हातारे म्हणायचे, अहो, पण आधीचं समजलं होतं कुणाला? मग उस्ताद पुढे व्हायचे, चष्मा चढवायचे आणि तोफ डागायचे.

त्या दिवशीचा कागद कानांचा होता. ज्यांना ऐकू येत नाही म्हणून सरकारी लाभ मिळतो, त्या सगळ्यांनी कानांची तपासणी नव्यानं करून घ्यावी. दोष ठरलेल्या पातळीपेक्षा कमी निघाला, तर घरच्या माणसांच्या उपचारांचं कार्ड बंद.

“घ्या!” उस्ताद म्हणाले. “मागच्या वेळी पायवाले, आता कानवाले. पुढच्या खेपेला टक्कल मोजतील.”

सगळे हसले. तिरकेही हसले. तिरके हे त्यांच्या चालीवरून पडलेलं नाव. सुरुंगावर पाय पडल्यापासून ते एका अंगाला कलून चालत. मागच्या महिन्यात पायवाल्यांची फेरतपासणी झाली, तेव्हा तिरक्यांनी डॉक्टरला विनवलं होतं, साहेब, बूट काढून चालवून बघा, बुटात कळत नाही. ही गोष्ट उस्तादांनी साऱ्या बाकांना ऐकवली होती. “रडतराऊत घोड्यावर स्वार! आमच्या तोफखान्यात असली कुरकुर नव्हती बुवा. तपासणी म्हणजे तपासणी, छाती काढून द्यायची!” तिरके नुसते बूट बांधत राहिले होते.

आता खरं सांगायचं तर उस्तादांना ऐकू येत नव्हतं. कमी येत होतं असंही नाही, जवळजवळ नाहीच. निवृत्त होताना लष्कराच्या डॉक्टरनं तसं लिहून दिलं होतं आणि त्यावरच नवरा-बायकोचं कार्ड निघालं होतं. पण उस्तादांनी घरीदारी सांगून ठेवलेलं, “ते कागदापुरतं हो! तोफखान्यातल्या सगळ्यांनाच देतात. माझे कान ठणठणीत आहेत.” झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ झाकायला ते काय काय करायचे! समोरच्याच्या ओठांवरून नजर हलवायची नाही. अंधारात कुणाशी बोलायचं नाही. आणि मुख्य म्हणजे स्वतःच बोलत राहायचं. जो बोलतो त्याला ऐकावं लागत नाही. एवढं करूनही राहिलंच काही, तर बायको होती. ती कायम त्यांच्या डाव्या हाताला बसायची आणि कुणी त्यांच्याशी बोललं की त्यांच्या कोपराला हळूच बोट लावायची. मुलाला, सुनेलाही हे माहीत नव्हतं. सुनेला वाटायचं, सासऱ्यांचा स्वभाव जरा हेकट आहे, मनात असेल तेव्हाच उत्तर देतात.

बायकोच्या डोळ्यांत आतल्या पडद्याला सूज होती. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागे, तेही याच कार्डावर. चुकवलंत तर नजर जाईल आणि गेलेली परत येणार नाही, असं डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं. शिवाय तिचं एक मनगटही वाकडं होतं. मागे ती न्हाणीघरात घसरून पडली होती. उस्ताद बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. बराच वेळ चहा आला नाही म्हणून बघायला गेले, तर ही भिंतीला टेकून, हात मांडीवर धरून बसलेली. उस्ताद कडाडले, “अगं, हाक मारायची होतीस की! मी काय मेलो होतो?” ती म्हणाली होती, “सुचलंच नाही बघा.” तेव्हापासून ते चारचौघांत सांगायचे, आमची ही भारी भिडस्त, हाड मोडलं तरी हाक मारायची नाही.

तर उस्ताद तपासणीला गेले. आत कोणालाही सोबत न्यायचं नव्हतं. बायको बाहेर बाकावर तिरक्यांच्या शेजारी बसली.

आत एक काचेची खोली आणि काचेपलीकडे यंत्रापाशी बसलेली एक तरुण मुलगी. खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. उस्तादांनी ती सरळ उचलून फिरवली. “दाराकडे पाठ करून सैनिक बसत नाही, पोरी.” बाहेर रांग खोळंबली होती, मुलगी नवी होती. ती म्हणाली, बरं, राहू द्या. कानांवर यंत्र चढवलं, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं.

उस्तादांना सगळं माहीत होतं हं! कागद त्यांनीच तर वाचून दाखवला होता. काही ढोंग करायचं नव्हतं. बटण हातात धरून गप्प बसलं की काम फत्ते. ते बसलेही गप्प. मुलीनं एक कळ फिरवली, त्यांच्याकडे पाहिलं. पुन्हा फिरवली, पुन्हा पाहिलं. आणि मग तिच्या चेहऱ्यावर ते उमटलं. अरेरे, बिचारे आजोबा. ओठ हललेसुद्धा नाहीत, पण उस्ताद उगाच का जन्मभर चेहरे वाचत आले होते?

त्यांना ते सहन झालं नाही. तिनं पुढची कळ फिरवली, तिचा खांदा किंचित वर झाला आणि उस्तादांनी बटण दाबलं. खांदा वर, बटण. खांदा वर, बटण. मुलीचा चेहरा उजळत गेला. तो उजळला तसा उस्तादांनाही चेव चढला. मग ती एकेक शब्द बोलायला लागली, तेच परत म्हणायचे होते. तिचे ओठ काचेतून लख्ख दिसत होते. उस्तादांनी एकही शब्द सोडला नाही.

“वा, आजोबा! तरुणांना लाजवतील असे कान आहेत तुमचे!”

उस्ताद छाती काढून बाहेर आले. बाकावरची सगळी मंडळी बघत होती. “पास!” त्यांनी गर्जना केली.

कुणी टाळ्या वाजवल्या. बायको उठून उभी राहिली. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. ती एवढंच म्हणाली, “कशात?”

आणि तेव्हा उस्तादांच्या तोंडचं पाणी पळालं.

खिडकीवरच्या कारकुनानं निकाल पाहिला, मग जुनं कार्ड पाहिलं, मग उस्तादांना नीट पाहिलं. कार्ड पुढच्या महिन्यापासून बंद. वर तो म्हणाला, “काका, इतके चांगले कान होते तर इतकी वर्षं लाभ कसला घेत होतात?” हे मात्र उस्तादांनी ओठांवरून बरोबर वाचलं. रांगेतल्या सगळ्यांनी तर कानांनीच ऐकलं. आपण आत्ता बहिरे नसून चोर ठरलो, हे त्यांना कळलं.

तिरक्यांना बोलायची संधी होती. छाती काढून द्यायची, नाही का उस्ताद? एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण तिरके नुसते सरकले आणि त्यांनी बाकावर उस्तादांना जागा करून दिली. त्यापेक्षा चार शिव्या बऱ्या होत्या.

कारकुनानंच सांगितलं, डॉक्टरांच्या मंडळापुढे दाद मागता येते, येत्या सोमवारी बसतंय.

घरात शिरल्यावर बायकोनं दिवा लावला आणि ती त्यांच्या समोर उभी राहिली. “तुम्ही बहिरे आहात,” ती म्हणाली.

उस्तादांनी मान फिरवली. भांडण संपवायची त्यांची हीच रीत. बघायचंच नाही, मग समोरचं माणूस बोलून बोलून थकतं. पण आज तिनं त्यांची हनुवटी धरली आणि तोंड आपल्याकडे वळवलं. “बहिरे आहात. मी कुणाला कळू दिलं नाही, तेही चुकलंच माझं. पण आता माझे डोळे जातील. तुमचा तोरा सांभाळायला मी डोळे देणार नाही. सोमवारी तिथं जाऊन सांगायचं. तुमच्या तोंडानं.”

उस्तादांनी मान हलवली. तीन दिवस ते आरशापुढे ते वाक्य म्हणून बघत होते, आणि दर वेळी निम्म्यावर थांबत होते.

सोमवारी एका लांबट खोलीत टेबलामागे तीन डॉक्टर बसले होते. मधे अध्यक्षबाई. भिंतीला लागून पुढच्या लोकांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. त्यातल्या एकीवर कोण? तिरके. पायाच्या निकालावर त्यांनीही दाद मागितली होती. उस्तादांना वाटलं, आल्या पावली परत जावं. पण बायको मागच्या खुर्चीवर जाऊन बसली होती आणि दाराच्या वाटेत तिचीच खुर्ची होती.

“बसा,” अध्यक्षबाई म्हणाल्या. उस्ताद बसले.

“कुठल्या पलटणीत होता?” उस्तादांनी खणखणीत उत्तर दिलं.

“काय त्रास होतो?” म्हणेपर्यंत त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “काही नाही, ठणठणीत!”

शेजारचा तरुण डॉक्टर बाईंकडे वळून म्हणाला, “यांना तर माझ्यापेक्षा चांगलं ऐकू येतंय.” तेही उस्तादांनी वाचलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते हेच.

मागे वळून बायकोकडे बघायची हिंमत होईना.

“डॉक्टर,” ते म्हणाले, “मला ऐकू येत नाही.” आवाज निघाला की नाही, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. समोर कुणी हललं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा म्हटलं, आणि या खेपेला इतक्या मोठ्यानं की दारातला शिपाई आत डोकावला. “ऐकू येत नाही! मी ओठ बघून बोलतो. त्या दिवशी त्या मुलीचा खांदा बघून बटण दाबलं. लाज वाटली म्हणून दाबलं. आता मी डोळे मिटतो. मग विचारा काय विचारायचं ते.”

आणि त्यांनी डोळे मिटले.

इतक्या माणसांसमोर त्यांनी असे डोळे कधी मिटले नव्हते. झोपताना मिटायचे, पण तेव्हा बायको शेजारी असायची. आता काहीच नव्हतं. खुर्चीची लाकडी कड मांडीला रुतत होती, एवढंच काय ते जग. विचारलं असेल का काही? हसत असतील का? तिरके तिथंच बसले होते, त्यांचं तोंड कसं झालं असेल? बूट काढून चालवून बघा, साहेब. त्यात रडण्यासारखं काय होतं? माणूस खरं बोलत होता आणि आपण साऱ्या दवाखान्याला हसवलं. मधे एकदा वाटलं, पायाखालची फरशी थरथरली, कुणी चालत गेलं असावं. त्यांनी डोळे उघडले नाहीत. वेळ गेला. पुष्कळ गेला.

मग कोपराला बोट लागलं.

त्यांनी डोळे उघडले तर अध्यक्षबाई त्यांच्याकडे बघतच नव्हत्या. त्या बायकोकडे बघत होत्या. तरुण डॉक्टरनं चष्मा काढून हातात घेतला होता. तिरक्यांची मान खाली होती.

बाई भानावर आल्या, उस्तादांसमोर तोंड नीट धरून सावकाश म्हणाल्या, “कार्ड चालू राहील. तपासणी पुन्हा होईल. त्या वेळी खुर्ची फिरवायची नाही.”

“नाही फिरवणार,” उस्ताद म्हणाले.

बाहेर आल्यावर जिन्यापाशी ते थांबले. आयुष्यभरात बायकोला, मुलाला, कुणालाही न विचारलेला प्रश्न त्यांनी विचारला. “काय बोलले गं तिथं? मला कळलं नाही.”

बायको उजेडाकडे तोंड करून उभी राहिली. “बाई म्हणाल्या, तुमच्या मागं उभं राहून हाक मारा. मारली. तिसऱ्या हाकेला तर तिरके दचकले.”

“मग?”

“मग विचारलं, घरी असंच होतं का. मी न्हाणीघरातलं सांगितलं.”

“त्याचा काय संबंध?” उस्ताद म्हणाले. “तेव्हा तू हाक कुठं मारली होतीस?”

“मारली होती,” ती म्हणाली. “शेजारचा नळ सुटला, टाकी भरून वाहिली, तोवर मारत होते. तुम्ही पेपराचं पान उलटलेलं मला दारातून दिसत होतं. मग घसाच बसला. तुम्ही आलात, ओरडलात, तेव्हा वाटलं, सांगितलं तर यांना फार लागेल. म्हणून म्हटलं, सुचलं नाही.”

उस्तादांनी एकही शब्द सोडला नाही. तिचे ओठ उजेडात लख्ख दिसत होते, आणि ते वाचता आले नसते तर बरं झालं असतं, असं त्यांना जन्मात पहिल्यांदा वाटलं.