कागदाला पुसल्याविना

"पंखा फिरे गरागरा, त्यावर नको भुलू;
कागदाला पुसल्याविना पाऊल नको उचलू."

बाबांच्या तोंडून हे तिने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती आठ वर्षांची होती, गॅरेजच्या पायरीवर बसून जुन्या बेअरिंगमधल्या गोळ्या मोजत होती. बाबा काही गाणारे नव्हते. गाडीच्या पोटात डोकं घालून दोन शब्द पुटपुटले तर पुटपुटले. पण रेडिएटरचा पंखा बसवायचा असला की हे दोन चरण यायचेच, जात्यावर बसलं की ओवी यावी तसे. त्यांना ते कुठून सुचले, हे तिने कधी विचारलं नाही.

त्याला आता बावीस वर्षं झाली. गॅरेज तिच्या हाताखाली आलं. बाबा गुडघ्यांपायी खुर्चीवर आणि सल्ल्यापुरते उरले, आणि सल्ला मागेपर्यंत थांबण्याची त्यांना सवय नव्हती.

आज पुढ्यात काकांची व्हॅन उभी होती. काका म्हणजे बाबांचा पाठचा भाऊ. ती आठ वर्षांची होती त्या वर्षीच्याच उन्हाळ्यात डोंगराच्या चढावर त्यांच्या पहिल्या गाडीचं इंजिन जाम झालं होतं. झाकण उघडलं तर रेडिएटर कोरडा ठणठणीत. पाणी बघायला विसरला, असं आधी घर म्हणालं, मग गल्ली म्हणाली, आणि शेवटी काका स्वतःही तेच म्हणू लागले. तेव्हापासून त्यांनी चढाचं नाव सोडलं. सपाट रस्त्यावरही पाण्याचे दोन कॅन घेतल्याशिवाय ते निघत नसत. काकू म्हणायची, माझ्या दोन सवती मागच्या सीटवर ऐसपैस बसतात, मीच आपली अंग चोरून.

आता बेकरीवाल्याने विचारलं होतं, रोज सकाळी डोंगरावरच्या वस्तीत पाव पोचवाल का? उद्यापर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. व्हॅनचा जुना पंखा नेमका आत्ताच मान टाकून बसला होता.

"मिस्त्रीणबाई, गाडी तुझ्या स्वाधीन," काका म्हणाले. "चढली तर तुझं नाव. नाही चढली तर माझं आहेच."

ती हसली आणि बाह्या सारून कामाला लागली. नव्या पंख्याच्या दोन्ही वायरी काळ्याच होत्या, जुळ्या बहिणींसारख्या. कोणती कुठली, हे तोंडावरून कळायला मार्ग नव्हता. तिने पंखा टेबलावर घट्ट धरून वायरी बॅटरीला लावल्या. तो भिंगरीसारखा फिरला. आवाज स्वच्छ, कुरकुर नाही की थरथर नाही. दुसऱ्या कुणी तेवढ्यावरच मान डोलावली असती. तिने जी बाजू रेडिएटरला लागणार तिथे वर्तमानपत्राचा कपटा धरला. चिकटायचा तो कपटा सरळ तिच्या तोंडावर उडाला.

उलटा होता. हा पंखा बसतो रेडिएटरच्या मागे, आणि बाहेरचा वारा त्याने आत ओढून घ्यायचा असतो. उलटा फिरला तर सपाट रस्त्यावर गाडीच्या वेगाचा वारा त्याचं पाप झाकून घेतो. चढावर गाडी मुंगीच्या पावलांनी निघाली की मग पाप उकळतं.

तिने वायरींची अदलाबदल केली. कपटा जाळीला बिलगला, लेकरू आईला बिलगावं तसा. योग्य वायरीला तिने लाल दोरा बांधला.

पुढचं काम हातांना पाठ होतं. चार बोल्ट, त्यांखाली रबरी चकत्या, पातं आणि रेडिएटर यांच्यात बोटभर अंतर, वायर गरम नळीपासून दूर बांधलेली, वाटेत फ्यूज. तिने इंजिन चालू केलं. तापमानाचा काटा मध्यावर चढू लागला तसा काकांचा हात आपसूक कॅनकडे गेला. तेवढ्यात टक्‌ झालं आणि पंखा आपला आपण घुमू लागला.

ती कपटा घेऊन वाकणार, तोच बाबा खुर्चीवरून उठले. गुडघे सांभाळत आले, तिच्या हातातून कपटा घेतला आणि रेडिएटरच्या पुढे धरला. बोटं सोडली. कपटा जागचा हलला नाही. बाबा त्याच्याकडे बघतच राहिले. आज ते दोन चरण मात्र म्हणाले नाहीत.

"चला, आता डोंगरालाच विचारू," ती म्हणाली. व्हॅनमध्ये वजनाला तिने जुनी टायरं भरली. काका स्टिअरिंगवर, ती शेजारी, आणि बाबा हट्टाने मागे, दोन कॅनच्या मध्ये. चढ लागला, वळणांमागून वळणं आली, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत वर निघाली. काटा मात्र शहाण्या मुलीसारखा मध्यावर बसून होता. माथ्यावर पोचल्यावर काकांनी इंजिन बंद केलं. पंखा जरासा घुमून गप्प झाला. खाली सगळं गाव मुठीत मावेल एवढं दिसत होतं.

तिला वाटलं, आता काका हो म्हणणार. त्यांनी स्टिअरिंगवर हळूच थोपटलं.

"गाडीला बोट लावायला जागा नाही, पोरी. तुझ्या हाताला यश आहे. पण चालवणारा तोच आहे ना. जो एकदा पाणी बघायला विसरला, तो पुन्हा विसरेल. बेकरीवाल्याला नाही म्हणून कळवतो."

तिने वाद घालायला तोंड उघडलं, पण मागून बाबांचा हात काकांच्या खांद्यावर आला.

"पाणी तू भरलं होतंस," बाबा म्हणाले.

काका वळले. "काय म्हणतोस, दादा?"

"भरलं होतंस. ते उकळून गेलं. त्या गाडीचा पंखा मी बसवला होता. फिरतोय एवढं बघितलं आणि बॉनेट लावलं, कागद काही धरला नाही. गाडी ओढून आणली तेव्हा पंखा लावून बघितला, तर वारा उलटा हाताला लागला. मी गुपचूप वायरी बदलल्या. आणि तू पाणी बघायला विसरलास, हे सगळ्यात आधी मीच म्हणालो."