कस्तुराची ओंजळ

मोशीच्या घाटावर दर रविवारी आमचं सेवा मंडळ इंद्रायणी नदी साफ करायचं. म्होरके दादासाहेब, शाळेतले रिटायर मास्तर. ते सांगायचे, "नुसत्या घंटा वाजवून काय उपेग? पाण्यात देव बघा, मग घाण टाकायला हात धजणार न्हाई." माझी बायको कस्तुरा त्या शिकवणीनं पार येडी झालती. गुडघाभर फेसात उतरून पिशव्या, निर्माल्य, चिंध्या काढायची. निघताना ओंजळभर पाणी तीर्थ म्हणून प्यायची.

"अगं, पिऊ नगं," मी म्हणायचो.

"देव म्हणायचं आन् त्याचीच किळस करायची? भारीच की तुमची सेवा."

आता हिला काय कप्पाळ सांगू? चाकणकडच्या एका प्लेटिंगच्या कारखान्यात मी बावीस वर्षं काढली. मुलामा चढवून झाला की उरलेलं विषारी पाणी नाल्यात जायचं, आन् तो व्हॉल्व्ह माझ्या हातात असायचा. साहेब म्हणायचा सोड, मी सोडायचो. नाला इंद्रायणीलाच मिळतो हे मला चांगलं ठाऊक होतं. मी रिटायर झालो, आता दुसरा कुणीतरी सोडतोय.

एकदा ती सगळ्यांम्होरं म्हणाली, "ही घाण सोडणारा मेला घावू दे, त्यालाच पाजते हे पाणी." मंडळी हसली. मीबी हसलो, निर्लज्जासारखा.

दोन वर्षांत तिच्या किडन्या गेल्या. कशानं गेल्या ते मी डॉक्टरला विचारलंच न्हाई. भ्यालो.

परवा दुपारी, तिचं बोलणंबी तुटक झाल्यावर, म्हणाली, "माझ्या नदीचं पाणी घाला तोंडात." तांब्या घेऊन घाटावर गेलो. फेस बाजूला सारला तर कारखान्यातल्या आमच्या खात्यातला तोच वास नाकात शिरला. माझा हातच पुढं जाईना. मग टपरीवरून पाण्याची बाटली घेतली आन् तांब्यात ओतली.

घरी येऊन चमच्यानं पाजलं. तिनं ओठांवरून जीभ फिरवली.

"आज वास न्हाई. साफ झाली व्हय नदी?"

"व्हय."

तिनं माझा उजवा हात धरून कपाळाला लावला. "ह्याच हातानं केलीत," म्हणाली.

खरं सांगायला मी तोंड उघडलं. तिनं आणखी एक चमचा मागितला. मी पाजला.