खांबाच्या तळहातावरचे वजन

सर्कशीत सगळे ज्याला खांब म्हणत, त्या धाकट्या भावाने सरावात ताईला खाली उतरवले, खांदा चोळला आणि सहज बोलून टाकले, "ताई, जड झालीस तू." तो नुकताच लांबलेल्या तापातून उठला होता. तापाने त्याच्या दंडांचे काय केले असेल, हा प्रश्न त्या तंबूत कोणाच्याही मनात आला नाही; ताईच्या तर मुळीच नाही. खांबाला जड वाटले, म्हणजे ताई जड झाली, इतके ते सरळ होते.

दोघांचा खेळ असा: खांब रिंगणाच्या मधोमध पाय रोवून उभा राहायचा, ताई धावत येऊन त्याच्या जुळवलेल्या तळव्यांत पाऊल टाकायची आणि पापणी लवायच्या आत त्याच्या उंचावलेल्या एका हातावर उलटी उभी असायची. खांबाचे बोलणे व्यवस्थापकांच्या कानांवर गेले, तेव्हा त्यांनी फार शांतपणे सांगितले की शनिवारचा खेळ ते स्वतः पाहतील. हात डगमगला, तर त्या हातावर सायकलवाल्यांतली मुलगी चढेल आणि ताई तिकिटाच्या खिडकीत बसेल. खिडकीत बसण्यात कमीपणा नव्हता. पण ताईला सर्कस जमिनीवरून कशी दिसते हे ठाऊक नव्हते, आणि जाणून घेण्याची इच्छाही नव्हती.

मग सल्ल्यांना ऊत आला. विदूषकाचे ठाम मत असे की चरबी घामावाटे बाहेर पडते. म्हणून तो तिला अंगाभोवती प्लास्टिक गुंडाळून तंबूला फेऱ्या घालायला लावी. आचाऱ्याच्या मते दिवस मावळल्यावर खाल्लेला घास पोटावर जाऊन बसतो, दिवसाचा बसत नाही. दिवसाचा घास कुठे जातो, हे मात्र त्याने सांगितले नाही. खांबाच्या बायकोची सगळी भिस्त गरम पाण्यात पिळलेल्या लिंबावर होती. "वन्सं, गरम पाण्यात लोणी वितळतं की नाही? तसंच आतलं," ती म्हणाली. कोणाचे खरे मानावे हे कळेना, तेव्हा तिने सगळ्यांचेच मानले. आधी पाव सुटला, मग बटाटे, शेवटी न्याहारी.

तंबूचे सामान तोलायच्या काट्यावर ती रोज उभी राही. आकडा खाली येत होता, त्यात शंका नव्हती. फक्त एकदा तंबूच्या फेऱ्या मारून आल्यावर तिने पाणी प्यायले आणि पुन्हा काट्यावर चढली, तर गेलेले वजन बरेचसे परत आलेले. घाम म्हणजे चरबी असेल, तर पाणी म्हणजे काय, असे तिने विदूषकाला विचारले. पाणी दगाबाज असते, पिऊच नये, असे त्याने बजावले.

याहून मोठा घोटाळा रिंगणात होता. काटा तिला हलकी म्हणे आणि खांब दिवसेंदिवस अधिक जड म्हणे. धावताना तिचे गुडघे लटपटत, तळव्यांत पाऊल पडे ते पोते टाकल्यासारखे. काट्यावरचा आकडा तिने त्याला दाखवला, तेव्हा तो वैतागून म्हणाला, "काट्याला तू उभी दिसतेस. मला अख्खी उचलावी लागतेस." लटपट ही चरबी सुटत असल्याची खूण आहे, अशी ग्वाही विदूषकाने दिली, आणि ताईने तीही मानली, कारण न मानावी, तर काय मानावे हा प्रश्न उरत होता.

शनिवारी सकाळी तिने हार मानली. ती भटारखान्यात गेली, लोणी लावलेला पाव, अंडी, उकडलेले बटाटे पुढ्यात घेतले आणि मान वर न करता जेवली. भावजय दारात थबकली. "वन्सं, आज?"

"आजच. तिकिटं भरल्या पोटीही विकता येतात."

संध्याकाळी ती धावली, तेव्हा पावलांखाली रिंगणातली लाकडी फळी पूर्वीच्या, विसरलेल्या आवाजात वाजली. खांबाने उचलण्याआधीच तिने झेप घेतली होती. हात स्थिर राहिला. ओठ न हलवता बोलण्याची या दोघांची जुनी सवय; खालून कुजबूज आली, "काय केलंस? पिसासारखी झालीस."

व्यवस्थापकांनी मान डोलावली आणि ते उठून गेले. सायकलवाल्यांची मुलगी आपल्या सायकलीकडे परतली. विदूषकाने श्रेय प्लास्टिकला दिले, आचाऱ्याने उपाशी संध्याकाळींना. सकाळचे जेवण डोळ्यांनी पाहिलेल्या भावजयीने सांगितले की लिंबाने तेसुद्धा जाळले.

ताई एकटीच काट्यावर जाऊन उभी राहिली. आकडा कालच्याहून चांगलाच वर होता. ती उतरली, पुन्हा चढली; तो हलला नाही. मागून खांब आला. त्याने वाकून आकडा पाहिला आणि काट्याला पायाने ठोकरले. "बिघडलाय." त्या दिवशी त्याने खांदा एकदाही चोळला नव्हता.

"झेप कोण घेतं?" ताईने विचारले.

"तू."

"आणि उचलतं कोण?"

"मी."

"मग इतके दिवस जड कोण होतं?"

खांबाने पुन्हा काट्याकडे पाहिले. तेवढ्यात भावजय वाफाळता पेला घेऊन आली. ताईने तो हातात धरून न्याहाळला. मग, न जाणो, असे म्हणून पिऊन टाकला, आणि वर एक पाव मागितला.