दुसऱ्याच्या मशीनवर

नववीची मुलं म्हणजे कुणाच्याही डोक्यावर मिरे वाटायला टपलेली जमात. पण कॉम्प्युटरच्या बाईंपुढे त्यांची डाळ शिजायची नाही. बाईंचा आवाज बारीक, अंगकाठी त्याहून बारीक, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर. वेब डिझाइनचा तास त्या वर्षानुवर्षं घेत आल्या होत्या आणि दर वर्षी त्यांचं एक वाक्य ठरलेलं. "तुमच्या मशीनवर दिसतं म्हणजे जगाला दिसतं असं समजू नका. दुसऱ्याच्या मशीनवर उघडून बघा." मधल्या सुट्टीत मुलं डबे उघडतानासुद्धा हे वाक्य त्यांच्याच आवाजात म्हणायची. बाईंना ते माहीत होतं, पण त्या ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

वाक्य काही खोटं नव्हतं. कार्टी आपल्या मांजरीचा फोटो पानावर मोठ्या हौसेने टाकायची, पण पानात जायचा तो फोटोचा फक्त पत्ता. फोटो स्वतः त्याच मशीनच्या डेस्कटॉपवर पडून राहायचा. त्या मशीनवर सगळं झकास दिसायचं. शेजारच्या मशीनवर उघडलं की मांजर गायब, तिच्या जागी रिकामी चौकट, कोपऱ्यात फाटक्या चित्राची खूण आणि आत नुसते शब्द, "आमची मनी". ते शब्द प्रत्येक चित्रासाठी लिहायचेच, असा बाईंचा दंडक. चित्र नाही दिसलं तर निदान शब्द तरी दिसतील, असं त्या म्हणायच्या. मग फोटो आणि पान एकाच फोल्डरमध्ये ठेवून, अख्खा फोल्डर इंटरनेटवर कसा चढवायचा ते दाखवायच्या. मुलांचा चेहरा पडलेला बघून त्यांना मनातून जरा मजाच यायची. शिकवणाऱ्याला एवढी मुभा हवीच की.

घरी मात्र मजा बिजा काही नव्हती. यजमान जाऊन वर्ष होत आलं होतं. कपाटातला त्यांचा कप्पा अजून तसाच होता, चहाचं पातेलं मात्र लहान घेतलं होतं, कारण मोठ्या पातेल्यात एक कप चहा नुसता तळाला दिसायचा. बाई बोलायच्या त्या कुलपाशी, नळाशी आणि बातम्या सांगणाऱ्या माणसाशी. सुट्टीच्या दिवशी परदेशातून मुलाचा फोन यायचा. गोळ्या घेतल्यास का, घेतल्या. थंडी आहे का, आहे. विषय संपला.

आणि बाईंचा मुलावर राग होता. उघड बोलायच्या नाहीत, पण होता. कारण सांगते. यजमान गेल्यावर, डोकं ठिकाणावर नव्हतं त्या दिवसांत, बाईंनी त्यांच्यासाठी एक पान केलं. वर मथळा, "आमचे हे". खाली फोटोच फोटो. पान वर चढवलं आणि मुलाला पत्ता पाठवला. मुलाचं उत्तर आलं, "बघितलं. छान केलंयस." बस. बापाबद्दल एक शब्द नाही, एका फोटोबद्दल नाही. इतकं कोरडं? बाईंनीही मग तो विषय काढला नाही. आपण विचारावं आणि त्याने दोन शब्द तोंडावर टाकावेत, असलं त्यांना नको होतं. रोज संध्याकाळी त्या डेस्कटॉपवरच्या त्या फाइलवर क्लिक करायच्या आणि एकट्याच बघत बसायच्या.

आता मुलाने विचारलं होतं, वर्ष होतंय तर मी येऊ का. बाईंनी मनाशी ठरवून टाकलं होतं, नको म्हणायचं. दोन शब्द लिहायला ज्याचं मन होत नाही, त्याने इतक्या लांब येऊन करायचं काय? संध्याकाळी फोन करून तसं कळवायचं, म्हणजे प्रश्न मिटला.

त्याच दिवशी वर्गात ती चौकसबाई खनपटीला बसली. चौकसबाई म्हणजे पहिल्या बाकावरची मुलगी, हे नाव तिला बाईंनीच दिलेलं. बाई, तुम्ही आमची सगळ्यांची पानं बघता, तुमचं कधी दाखवत नाही, असा तिचा धोशा. बाकीच्यांनीही री ओढली. बाईंनी आधी टाळलं. मग काय मनात आलं कोण जाणे, वर्गातल्या मशीनवर त्यांनी पत्ता टाइप केला. प्रोजेक्टरमधून पान भिंतीवर मोठं होऊन उमटलं.

"आमचे हे." आणि खाली चौकटी. एकाखाली एक, सगळ्या रिकाम्या, प्रत्येकीच्या कोपऱ्यात फाटक्या चित्राची ती खूण. आत नुसते शब्द. "हे, नव्या स्कूटरवर." "हे, लेकाला खांद्यावर घेऊन." "हे, झोपेचं सोंग घेताना."

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. बाई भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या.

"बाई," चौकसबाई हळूच म्हणाली, "फोटो तुमच्या घरच्या मशीनवर राहिलेत."

अहो, ते काय बाईंना कळत नव्हतं? कळलं. दुसऱ्याच्या मशीनवर उघडून बघा, असं उभा जन्म ओरडून सांगितलं. पण बाईंच्या घरात दुसरं मशीन नव्हतं. दुसरं माणूसही नव्हतं.

मुलांना वही काढायला सांगून त्या बाहेर व्हरांड्यात आल्या. तिकडे पहाट असेल याचाही विचार न करता त्यांनी मुलाला फोन लावला. तो घाबराघुबरा होऊन उठला. बाईंनी नमनाला घडाभर तेल न घालता विचारलं, बाबांचं पान उघडल्यावर तुला काय दिसतं?  तो म्हणाला, चौकटी. शब्द. मी उघडतो अधूनमधून.

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तू मुद्दाम तसं केलंयस. तुला त्यांचे फोटो बघवत नसतील. म्हटलं, कशाला खपली काढायची."

बाईंनी व्हरांड्याचा कठडा धरला. वर्षभर ज्या पोरावर त्या धुमसत होत्या, तो त्या रिकाम्या चौकटींपुढे बसून आईला जपत होता. रडू आलं. त्यांनी येऊ दिलं.

मुलगा म्हणाला, शब्द वाचून कुठला फोटो असेल ते मी ओळखतो. स्कूटरवर मागे तू आहेस ना?

नाही रे, बाई म्हणाल्या. मी फोटो काढत होते. सगळे मीच काढलेत, मी कशातच नाही.

 त्याने पुन्हा तेच विचारलं, येऊ का मी.

"ये," बाई म्हणाल्या. "आणि येताना तुझं मशीन घेऊन ये. दुसऱ्याच्या मशीनवर बघायचं राहिलंय माझं."

फोन ठेवून त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि त्या वर्गात गेल्या. भिंतीवर पान तसंच उघडं होतं. मुलं वही उघडून बसली होती, पण लिहीत कुणीच नव्हतं.