पायाखालचे नऊ इंच

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे आणि आतून पूर्ण रिकामी आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण मला पाहिले की लोक हलवून बघतात, आत काही वाजते का म्हणून. माझ्यात काही ठेवायचे नसते. माझ्यावर उभे राहायचे असते. टेलिव्हिजनच्या एका स्टुडिओत एक माणूस चौतीस वर्षे माझ्यावर उभा राहिला आणि घराघरांत मोठा झाला. त्याच्याविषयी पुष्कळ लिहून आले आहे. ते सगळे त्याचा चेहरा पाहून लिहिलेले आहे. मी त्याला खालून पाहिले आहे.

माझा जन्म अर्ध्या तासात उरकला. त्या दिवशी हा नवा निवेदक बातम्यांच्या उंच टेबलामागे पहिल्यांदाच उभा राहिला, आणि कॅमेऱ्यात त्याची हनुवटी टेबलावर टेकलेली दिसू लागली. वरच्या काचेच्या खोलीतून निर्मातीबाईंचा आवाज आला, "अहो, टेबलावर हे डोकं कुणी ठेवलंय? मागे माणूस आहे ना?"

सगळे हसले. निवेदक सगळ्यांत जास्त हसला, असे सुतारकाका नंतर सांगत. बाईंच्या विनोदाला इतरांपेक्षा जोरात हसायचे असते, हे त्याला पहिल्याच दिवशी समजले होते. त्या नोकरीत पुढे जायला याहून जास्त समज लागत नाही.

सुतारकाकांनी त्याच टेबलाच्या उरलेल्या फळ्या काढल्या, मोजमाप घेतले आणि मला ठोकून उभे केले. दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद, नऊ इंच उंच.

"काका, दहा करा ना," निवेदक हळूच म्हणाला.

"नऊ पुरेत. दहा केले तर माज येईल."

काका चांगले कारागीर होते, पण माणसांचा अंदाज त्यांना नव्हता. माज नऊ इंचांतही येतो.

कॅमेऱ्यात चमकू नये म्हणून मला काळा रंग दिला गेला. मग माझी नोकरी सुरू झाली. सकाळी हा माणूस पिकांवरच्या किडीविषयी बोले; याने जन्मात कुंडीला पाणी घातले नव्हते. दुपारी तो पाककृती सांगे. संध्याकाळी मुलांसाठी गोष्टी, निवडणुकीच्या वेळी सलग अठरा तास आकडे, कुणी मोठे माणूस गेले की जड आवाजात श्रद्धांजली. आवाज जड, पण माझ्यावरची बोटे बुटात नाचत असत, कारण चहा गार होत असे. पाहुणा उत्तर देत असताना याचा उजवा पंजा माझ्यावर ताल धरी. ऐकणे नव्हतेच, पुढचा प्रश्न कधी टाकता येईल याची ती मोजणी होती. प्रश्नही ठरलेला: "या यशाचं श्रेय कुणाला द्याल?" हजारो पाहुण्यांनी श्रेय आईवडिलांना दिले आणि हजारो वेळा याने भारावून मान हलवली.

वर्तमानपत्रांनी त्याला अष्टपैलू म्हटले. मला बाजू सहाच आहेत. पण कुठूनही बघा, लाकूडच दिसेल.

त्याला मनापासून भीती एकाच गोष्टीची होती: शांततेची. कार्यक्रमात चार सेकंद कुणी बोलले नाही की त्याच्या टाचा थरथरू लागत. एकदा बाहेरच्या मैदानावरून येणारे चित्र बंद पडले, तेव्हा तो बावीस मिनिटे एकटा बोलत राहिला. हवामान, ढग, ढगांचे आकार, लहानपणी पाहिलेला एक ढग. लोकांनी त्याला बक्षीस दिले. त्या बावीस मिनिटांत त्याने काय सांगितले, हे बक्षीस देणाऱ्यांपैकी एकालाही सांगता आले नसते.

प्रेक्षकांची पत्रे येत. 'आपले उंचेपुरे, भारदस्त व्यक्तिमत्त्व.' तो ती माझ्यावर उभा राहून मोठ्याने वाचत असे. जरा तरी लाज? छे.

माझे गुपित सांभाळायला अख्खा स्टुडिओ राबत होता. टेबल नसेल तिथे खोटी भिंत, भिंत नसेल तिथे झाडांच्या कुंड्या. उंच पाहुण्यांची तर पंचाईत. एकदा एक ताडमाड खेळाडू आला.

"बसा ना, दमला असाल," हा म्हणाला.

"नाही हो, आत्ताच तर आलोय."

"तरी बसा."

तो बिचारा मुलाखत संपेपर्यंत बसून राहिला आणि मान वर करून उत्तरे देत राहिला. पाहणाऱ्यांना वाटले, केवढा हा आदर.

त्याची बायको एकदाच स्टुडिओत आली. तिने त्याला पाहिले, मला पाहिले. म्हणाली, "घरी माळ्यावरचा डबा काढायचा तर मला हाका मारता, आणि इथे ही सोय आहे होय?"

"हळू बोल, माईक चालू आहे," तो म्हणाला. तिला पुन्हा बोलावले नाही. मला ती आवडली होती.

वर्षे गेली. त्याला आधी नुसते 'ए नवीन' म्हणत, मग 'दादा', मग 'सर'. मला 'ती पेटी' म्हणत, आणि पुढेही 'ती पेटी'च म्हणत राहिले. माझा रंग उडाला, एक कोपरा फुटला. त्याचे बाकीचे कार्यक्रम एकेक करून नव्या लोकांकडे गेले. हातात एकच उरला: रविवारची शाळकरी मुलांची प्रश्नमंजुषा. तीही केंद्राच्या नव्या प्रमुखांच्या डोळ्यांवर आली. त्यांनी एक सहा फुटी तरुण निवेदक आणून ठेवला होता. स्टुडिओतली माणसे त्याला 'खांब' म्हणत. दिसायला देखणा, आणि कागदावर लिहिलेले नसेल तर मुका.

प्रमुखांनी सरांना बोलावून सांगितले, "तुमच्या कार्यक्रमाचा हजारावा भाग थेट दाखवू. सोबत आमचा मुलगा उभा राहील. भाग रंगला तर आणखी वर्षभर तुम्ही, नाहीतर त्याच्याकडे देऊ."

"आमचा मुलगा म्हणजे?"

"आमचा म्हणजे केंद्राचा हो."

झाले. त्या एका वर्षासाठी या माणसाने काय काय केले ते मी पाहिले. केस काळे केले. खांबाला 'राजा, राजा' म्हणून जवळ घेतले आणि लगेच दोन पावले मागे उभा केला. पण नव्या मंचाभोवती कॅमेरा गोल फिरणार होता, मला लपवायला जागाच नव्हती. मंच सजवणारी बाई म्हणाली, "सर, पेटी नको, दिसेल ती."

"पेटी नाही तर मी नाही."

"आहात तेवढेच दिसा ना एकदा. कोण खातंय तुम्हाला?"

शेवटी माझ्याभोवती सात कुंड्या रचल्या. त्यांत उभा राहिलेला तो कुणी नर्सरीत विकायला ठेवल्यासारखा दिसत होता.

कार्यक्रम सुरू झाला आणि चांगला चालला. शेवटच्या फेरीत दोन शाळा बरोबरीत आल्या. एका शाळेचा मोठा मुलगा ऐन वेळी तापाने पडला होता, त्याच्या जागी चौथीतली एक मुलगी आणली होती. टेबलामागून तिचा फक्त दोन वेण्यांमधला भांग दिसत होता. माईक टेबलाला घट्ट बसवलेला, तिच्या डोक्याच्या वर. निकालाचा प्रश्न तिच्याच वाट्याला आला.

तिने उत्तर दिले. कुणालाही ऐकू आले नाही. ती पुन्हा बोलली. पुन्हा नाही. मग रडायला येईल अशा आवाजात म्हणाली, "मी पोहोचत नाही," आणि गप्प झाली.

एक सेकंद. दोन. खांबाने हातातला कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. तीन. काचेच्या खोलीत प्रमुख उभे राहिले. चार. माझ्यावरच्या टाचा थरथरू लागल्या.

मित्रांनो, आता तुम्ही म्हणाल, त्याला त्या पोरीची दया आली. तुम्हाला असे वाटायला आवडते. मी त्याच्या पायांखाली होते, मला ठाऊक आहे. त्याला ती शांतता सोसवली नाही, एवढेच. तो माझ्यावरून उतरला. एक कुंडी लवंडली. त्याने मला बुटाच्या टोकाने ढकलत, अख्ख्या देशासमोर, त्या टेबलामागे नेले. हाताने नाही, पायाने.

मुलगी माझ्यावर चढली. आता ती त्याच्याहून बोटभर उंच होती. तिने त्याला वरून खालपर्यंत पाहिले आणि माईकमध्ये विचारले, "अहो, तुम्ही एवढेच आहात?"

"एवढाच आहे, बाळ," तो म्हणाला. "बाकीचं लाकूड होतं. बोल, उत्तर काय?"

लोक आधी हसले, मग उभे राहून टाळ्या वाजवू लागले. आणि एवढा खटाटोप होऊन पोरीचे उत्तर चुकलेच.

पत्रांची पोती आली. चौतीस वर्षे ज्यांना तो उंचापुरा दिसत होता, त्यांनीच लिहिले, 'आम्ही तर पहिल्यापासून ओळखले होते.' प्रमुखांनी वर्षाचा करार दिला, पुढे तो तीनदा वाढवला. खांब हवामान सांगू लागला. आता सर जमिनीवर उभे राहतात, त्यांच्या मापाचे टेबल केले आहे, आणि मुलाखतींत तो प्रसंग ते रंगवून सांगतात. दर वेळी मुलगी थोडी लहान होते आणि यांचे मन थोडे मोठे होते. माझे नाव त्यात नसते. 'मी व्यासपीठावरून खाली उतरलो,' असे म्हणतात. व्यासपीठ!

मी मेकअपच्या खोलीत पडले आहे. सफाईवाल्या मावशी माझ्यावर चढून आरशाचा वरचा भाग पुसतात. त्या मला दोन्ही हातांनी उचलून आणतात आणि काम झाले की भिंतीशी लावून ठेवतात. बाकी सगळे पायानेच सरकवतात, सरांसकट.

या माणसाची मी आयुष्यभर टर उडवली, आणि ती उडवण्यासारखीच होती. पण एक गोष्ट मला आतून कुरतडते. चौतीस वर्षांत तो एवढे बोलला, ते सगळे माझ्यावर उभा राहून. माझ्यावरून उतरून तो पहिल्यांदा जे बोलला, तेवढेच खरे होते.

असो. मित्रांनो, तुम्हीही कशावर ना कशावर उभे असाल. उतरा असे मी सांगत नाही. उतरल्यावर तुम्ही किती उराल ते तुमचे तुम्हाला माहीत. फक्त जिच्यावर उभे राहता ती वस्तू हाताने उचलत जा, आणि मधूनमधून तिच्याकडे लक्ष द्या. माझा एक खिळा डाव्या बाजूने वर आला आहे. मावशींनी दोनदा सांगितले, कुणी हातोडी आणली नाही. एक दिवस तो कुणाच्या तरी तळव्यात शिरेल, आणि मग ही पेटी मेली कुठून आली म्हणून सगळे मलाच शिव्या देतील.