मागं सरणारं पाणी

सोयाबीन निघालं, ज्वारी पेरून झाली, तसं कृष्णराजनं आई-वडलांना विजयदुर्ग दाखवायचं मनावर घेतलं. लोहाऱ्यात त्याचं ठिबकच्या पाइपांचं दुकान होतं आणि जुनी का होईना, गाडी दारात आली होती. वडील, बलभीमअण्णा, लगेच तयार झाले. आई कडूबाई मात्र नको म्हणाली. का नको, ते सांगेना. शेवटी पोराचं मन मोडवेना म्हणून गाडीत बसली.

माकणीहून निघून कोल्हापुरात मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी राधानगरी मागं पडली आणि रस्ता दाट झाडीत शिरला. एवढी झाडं कुणी लावली न्हाईत, आपली आपणच आली, याचं अण्णांना राहून राहून नवल वाटत होतं. फोंडा घाट उतरून खाली टपरीवर चहा घेतला, तेव्हा कडूबाईही खुलली होती. टपरीवाल्या बाईला ती कोकम कसं वाळवता ते विचारत बसली. पण पुढं वाटेत खाडीचं पाणी दिसलं आणि तिचं बोलणं थांबलं.

विजयदुर्गला किल्ल्याजवळ गाडी लावली. उजव्या हाताला समुद्र अगदी जवळ होता. कडूबाई उतरेना.

"तुमी जाऊन या. म्या हितंच बरी हाय."

एवढ्या लांब गाडीत बसायला आलीस का, असं कृष्णराज तोडून बोलला. अण्णांनी त्याचा दंड धरला आणि त्याला किल्ल्यात नेलं.

तटावर बसून अण्णा हळूहळू बोलू लागले. तेरणेच्या धरणात जुनी जमीन गेली, एवढं कृष्णराजला ठाऊक होतं. आपल्याआधी एक बहीण झाली होती, हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. दीड वर्षाची होऊन ती तापानं गेली. तिला त्याच जमिनीच्या बांधावरच्या कडुलिंबाखाली पुरली. पुढं धरण भरलं आणि पाणी लिंबाच्या शेंड्यावरून गेलं.

गणपती बुडवायला सगळी आळी धरणावर जायची, आई तेवढी घरी राहायची. ती पाण्याला भिते, असं कृष्णराज समजत आला होता.

"दुष्काळात धरण आटलं तवा एकदा गेली," अण्णा म्हणाले. "निस्ता गाळ. लिंबाचं खोडबी घावलं न्हाय. त्याच्यापास्नं ती पोरीबद्दल बोलायचीच बंद झाली."

"नाव काय होतं तिचं?"

"मैना."

ऊन कलल्यावर दोघं उठले. खाली आले तर गाडीत कुणी नव्हतं.  कृष्णराज किनाऱ्याकडं धावला.

ओहोटी लागली होती. मघाशी पाण्याखाली असलेले काळे खडक उघडे पडले होते आणि एक बाई वाकून त्यांना चिकटलेली कालवं शिंपल्यांतून काढत होती. कडूबाई तिच्याजवळ ओल्या वाळूत अनवाणी उभी होती, हातात चपला.

"हे पाणी मागं सरतं म्हणं," ती लेकाला म्हणाली. "रोज सरतं. खालची जमीन दिसती."

"व्हय."

  मग त्यानं विचारलं, "माय, मैना कशी होती?"

कडूबाईनं मागून आलेल्या नवऱ्याकडं पाहिलं. अण्णांनी मान खाली घातली. ती खडकावर टेकली आणि सांगू लागली. मैना लवकर चालायला लागली. माती खायची. कोंबड्यांना भ्यायची, पण शेरडाच्या पिलाला मिठी मारून झोपायची. रागावली की तुझ्यावानीच भुवया जवळ घ्यायची. कृष्णराजनं नकळत कपाळावरून हात फिरवला.

तुळजापूरच्या यात्रेत घेतलेलं हिरवं झबलं तिच्या अंगावर लई शोभायचं, असं अण्णा मध्येच म्हणाले. कडूबाई लगेच म्हणाली, हिरवं नव्हतं, पिवळं होतं. त्यावर दोघांची थोडी हुज्जत झाली.

ऊन उतरलं, भरती लागली. पाणी पायाला लागलं तशी कडूबाई उठली, दुसऱ्या खडकावर जाऊन बसली आणि पुढं सांगू लागली.