रिकाम्या हातानं

कुणाकडे रिकाम्या हातानं जायचं नाही, हे आईनं मला लहानपणी धपाटे घालून शिकवलं. ते मी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षापर्यंत पाळलं. इथल्या पलासिया भागातल्या बँकेत असताना साहेबांच्या घरी जायचं तर पेढे. मुलगा शंतनु बंगळूरला गेला, तेव्हापासून दर महिन्याला त्याला शेवेचं पार्सल. आणि बायको इंदुमती वारल्यावर, गेली दोन वर्षं, दर शनिवारी सरकारी शेल्टरमधल्या भुऱ्याला पाव किलो गरम जिलबी.

भुऱ्या म्हातारा कुत्रा, एका डोळ्यानं अधू. बाकी कुणाला जवळ येऊ द्यायचा नाही, पण माझ्या स्कूटरचा आवाज ऐकला की जाळीशी येऊन उभा राहायचा. या शहरात माझी वाट बघणारा तेवढाच एक जीव उरला होता.

मग शेल्टरमध्ये नवीन डॉक्टरीणबाई आल्या, अमिता. तीस-बत्तीसची पोरगी, पण महिन्याभरात तिनं सगळं हलवून सोडलं. एका पिंजऱ्यात आठ-आठ कुत्री होती, तिथे तीन केली. फरशी दोनदा धुवायला लावली. खाण्याच्या वेळा ठरवल्या, प्रत्येक जनावराचं पिवळं कार्ड जाळीला लटकवलं, आणि बाहेरचं खाणं साफ बंद केलं.

फाटकावरच्या मनीषनं माझी थैली अडवली. "भियाजी, जलेबी इथेच रखून द्या. मॅडमचा ऑर्डर आहे."

माझं डोकं फिरलं. मी तडक अमिताकडे गेलो. "दोन वर्षं येतोय मी! तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

ती वाद घालत बसली नाही. मला भुऱ्याच्या पिंजऱ्याशी नेऊन तिनं कार्ड दाखवलं. वजन कमी, केस गळालेले, दर रविवारी हगवण. सगळ्यात खाली एक ओळ होती, 'कुणाजवळ जातो', आणि तिच्यापुढे लिहिलं होतं, 'कुणाजवळ नाही'.

"हे चूक आहे," मी म्हणालो. "माझ्याजवळ येतो तो."

"जलेबीजवळ येतो, काकाजी. बुरा नका मानू. खाली हात येऊन पाहा. तुमच्याजवळ आला, तर मी स्वतः तुमचं नाव लिहीन."

पुढच्या शनिवारी मी तसाच, रिकाम्या हातानं गेलो. खरं सांगतो, परीक्षेलासुद्धा कधी इतका घाबरलो नव्हतो. भुऱ्या धावत आला. जाळीला लावलेले माझे दोन्ही हात त्यानं हुंगले, मग खिशाकडे नाक नेलं. एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि परत जाऊन माझ्याकडे पाठ करून पडला. मनीषनं मुद्दाम दुसरीकडे पाहिलं, त्याचा मला जास्त राग आला.

घरी येऊन मी आठवत बसलो. आयुष्यभर ज्या ज्या दारात गेलो, तिथे कुणी आधी माझ्याकडे पाहिलं होतं आणि कुणी पिशवीकडे? शंतनुच्या फोनचं पहिलं वाक्य तर ठरलेलंच असायचं. "बाबा, पार्सल मिळालं." पार्सल नसेल तर तो काय बोलेल, ते पाहायची माझी कधी छाती झाली नव्हती.

मग मी इरेला पेटून रोज जाऊ लागलो. दुपारी जाळीबाहेर स्टूल टाकायचं आणि पेपर वाचायचा, मोठ्यानं. मध्ये मध्ये भुऱ्याला शिव्याही घालायच्या. "नमकहराम आहेस लेका, दोन वर्षांची जिलबी विसरलास." तो कान हलवायचा, पण उठायचा नाही.

तेवढ्या दिवसांत त्याच्या पाठीवर नवे केस यायला लागले. हगवण थांबली. म्हणजे प्रेम प्रेम म्हणून मी त्याला दर आठवड्याला आजारी पाडत होतो. मला लाज वाटली. ते मी अमिताला सांगितलं नाही, भुऱ्याला सांगितलं.

एकोणिसाव्या दिवशी मी बाजारभाव वाचत होतो. भुऱ्या उठला आणि सावकाश जाळीशी आला. त्यानं हात हुंगले नाहीत. माझ्या गुडघ्याशी जाळीला पाठ टेकवली आणि खाली बसला. जाळीतून त्याचे नवे केस बाहेर आले होते. पायाला मुंग्या आल्या, तरी मी हललो नाही. डोळे मात्र भरून आले, आणि पुढचे भाव काही वाचता आले नाहीत.

अमितानं लांबून पाहिलं. ती आली, कार्डावरचं 'कुणाजवळ नाही' खोडलं आणि पुढे लिहिलं, 'शरदचंद्र काका'.

मी कार्डाचा फोटो काढून शंतनुला पाठवला. त्या महिन्यात त्याची शेव पाठवायची राहून गेली होती. राहून गेली, असं मी स्वतःला सांगत होतो.

पाच मिनिटांत उत्तर आलं. 'मस्त. बाबा, या वेळी पार्सल नाही आलं?'

मी ते दोनदा वाचलं आणि फोन खिशात ठेवला. शेल्टर बंद व्हायला अजून तासभर होता. भुऱ्याची पाठ माझ्या गुडघ्याला टेकलेलीच होती, म्हणून मी उठलो नाही.